अनिलच्या एन्ट्रीला उशीर व्हावा म्हणून

आमच्या कुडाळात कुणी प्रवासाहून परत आलं की चार घरची माणसं ओटीवर येऊन बसतात. केरळला गेलेल्याला हाउसबोटीबद्दल विचारतात, काशीला गेलेल्याकडून गंगेचं पाणी घेतात. मी परत आले तेव्हा शेजारच्या वहिनीही रिवाजाप्रमाणे आल्या, आणि मी पिंपरी, हिंजवडी आणि चाकण करून आले असं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "लग्न कोणाचं होतं?"

लग्न नव्हतं. मी आमदार बघायला गेले होते. लोक जंगलात वाघ बघायला जातात तसंच हे. पहाटे उठायचं, पाणवठ्याशी दबा धरायचा, वाटाड्या म्हणेल तिकडे पळायचं, आणि दिसलाच तर श्वास रोखून बघायचं. फरक इतकाच की वाघाकडे आपलं काही मागणं नसतं. आमचं होतं.

आमचं म्हणजे माझं आणि शीलाचं. शीला माझी लहानपणची मैत्रीण. तिचा मोठा भाऊ अनिल फाशीची शिक्षा झालेला कैदी आहे. त्याने दोन माणसं मारली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून तो तुम्हाला आवडेल, आणि मग हे कळलं तर मी तुम्हाला फसवलं असं वाटेल. अनिलला कितीतरी वर्षं कानात आवाज येत होते. औषधं चालू व्हायची, सुटायची, पुन्हा चालू व्हायची. एका दुपारी त्या आवाजांनी त्याला सांगितलं की शेजारचे वामनकाका आणि सुलभाकाकू खरे नाहीत, त्यांची सोंगं घेऊन दुसरंच कुणी तिथे राहतं आहे. काकू त्याला रोज जेवणाचं ताट आणून देत असत.

आवाज येत असले तरी त्या घटकेला आपण काय करतो आहोत हे त्याला समजत होतं, असं कोर्टाने ठरवलं. वरच्या कोर्टातही तेच कायम झालं. आता दयेचा अर्ज गेलेला आहे. त्याच्या वकीलबाई म्हणतात की शिक्षा देताना आजाराचा विचार होतो, पण तो किती करायचा हे ज्या त्या न्यायाधीशांवर असतं. कायद्यात तशी सरळ ओळ नाही. ती ओळ यावी, यासाठी येत्या अधिवेशनात कुणातरी आमदाराने आपणहून एक ठराव मांडायला हवा होता: ज्याला गंभीर मानसिक आजार आहे त्याला फाशी देऊ नये, मरेपर्यंत आत ठेवावं, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. ठराव आला म्हणून अनिल वाचेलच असं नाही. पण सभागृहात हा विषय निघाला तर अर्जाची फाइल ज्यांच्यापुढे आहे ते कदाचित थोडं थांबून बघतील. सगळी आशा त्या 'कदाचित'वर होती.

शीलाचा फोन आला, "रजे, मला चार माणसांत बोलता येत नाही. तू ये." नवऱ्याने मला गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून म्हणाला, "हीरोला माझा नमस्कार सांग." त्याला सगळं माहीत आहे. म्हणजे जेवढं घडलं तेवढं माहीत आहे. आणि घडलं काहीच नाही, तीच तर गोष्ट आहे.

संत तुकाराम नगर

वल्लभनगरच्या स्टँडवर उतरले आणि वाटलं, ड्रायव्हरने भलत्याच शहरात आणून सोडलं. डोक्यावरून मेट्रो गेली. आम्ही जिथे बोरं चोरायचो तिथल्या इमारती इतक्या उंच झाल्या आहेत की वरच्या मजल्यावरून आमचं कुडाळ दिसत असेल. शीला रिक्षाजवळ उभी होती. मला पाहून म्हणाली, "आली बघा कोकणची महाराणी! अगं किती सुटलीस!"

"आणि तू? वाळत घातलेल्या सुकटासारखी दिसतेस."

मग आम्ही तिथेच, रिक्षावाल्यासमोर, एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. तो बिचारा मीटर टाकायचं विसरला.

आमच्या दोघींचे वडील एका कंपनीत, एका शिफ्टला होते. माझे वडील निवृत्त होऊन गावी गेले, शीलाचं घर इथेच राहिलं. ती आता चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. घर तेच, भिंतीवरची बुद्धाची तसबीर तीच. फक्त आई-बाबा तसबिरीत गेले. मी सुके बांगडे नेले होते ते तिने रात्री भाजले, आणि समोरच्या दारातून आवाज आला, "शीलाताई, पाहुण्या कोकणातल्या का?" पिंपरीत माझं आगमन असं वासाने जाहीर झालं.

सकाळी जाग आली तेव्हा मी कंपनीच्या भोंग्याची वाट बघत पडून राहिले. आमच्या लहानपणी सगळी कॉलनी त्या भोंग्यावर घड्याळं लावायची. शीला चहा घेऊन आली. "कशाची वाट बघतेस? ती कंपनी गेली. तिथे आता मॉल आहे. मॉलला भोंगा नसतो."

अनिलबद्दल सांगायचं तर नाटकाबद्दल सांगावं लागेल. कामगारांच्या स्पर्धेत आमच्या कॉलनीची एकांकिका असायची. अनिल हीरो, मी हीरोइन, आणि शीला आतून विसरलेली वाक्यं सांगायला. आडवळणाच्या एका स्टेशनवर एक मुलगी गाडीची वाट बघत बसलेली आहे आणि एक तरुण येतो, असं ते नाटक होतं. येतो असं निदान कागदावर होतं. अनिल कधी वेळेवर आला नाही. विंगेत उभा राहून तो प्रेक्षक बघत बसायचा, कुणाचं बाळ किरकिरतंय, कोण पेंगतंय. इकडे मी स्टेजवर एकटी. मग मी बोलायला लागायची. गाडीला उशीर का झाला, स्टेशनमास्तरची बायको कशी खाष्ट आहे, माझ्या ट्रंकेत काय काय आहे. लेखकाने न लिहिलेलं अर्धं नाटक मी त्याची वाट बघताना रचलं. मग तो यायचा, माझ्याकडे बघायचा आणि अगदी हळू म्हणायचा, "फार वेळ बसलात का?" आणि सगळं नाट्यगृह गप्प व्हायचं. वाक्य लेखकाचंच होतं. ते म्हणायची तऱ्हा मात्र लेखकाची नव्हती, आणि ती माझ्यासाठी आहे असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

माझं लग्न ठरल्यावर विंगेत एकदा आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "कुडाळला स्टेशन आहे?"

"होतंय म्हणे."

"मग येईन."

स्टेशन झालं. गाड्याही सुरू झाल्या. बाजाराला जाताना मी पुष्कळ दिवस मुद्दाम स्टेशनाच्या रस्त्याने गेले आहे.

चहा पिताना मी शीलाला विचारलं, "आता कसा आहे गं?"

"कधी बरा असतो. मागच्या भेटीत खुशीत होता. म्हणाला, शिले, या वेळी मी वेळेवर एन्ट्री घेणार. इथले लोक स्वतः हाक मारायला येणार आहेत." तिने कप खाली ठेवला. "रजे, तो फाशीला एन्ट्री म्हणतोय. त्याला ते नाटकच वाटतंय. न्यायला येतील तेव्हा हा केस विंचरून तयार बसलेला असेल."

पिंपरी, साहेबांचं कार्यालय

पहिले आमदार आम्हाला सहज सापडले. जनसंपर्क कार्यालयाबाहेर त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स इतका मोठा होता की पत्ता विचारावाच लागला नाही. आत मोठी गर्दी. आमच्या पुढे गतिरोधकवाले, मागे गणपती मंडळवाले. आमची पाळी आली तशी मी घसा साफ केला. भाषण मी गाडीत पाठ केलं होतं, विरामचिन्हांसकट. पण माझ्या आधी साहेबांचा माणूसच बोलू लागला.

"निवेदन आहे ना? इकडे उभ्या राहा. कागद सगळ्यांनी धरायचा. मधे नको ताई, कोपऱ्याला धरा, साहेबांचा हात दिसला पाहिजे. समोर बघा."

साहेबांनी एक कोपरा धरला, आम्ही दुसरा. आमच्याकडे कुडाळात वधूवरांसोबत असा फोटो काढतात, पण तिथे निदान जेवायला मिळतं. फोटो झाला, साहेब म्हणाले, "होऊन जाईल," आणि गणपती मंडळाने तोच कोपरा पकडला.

संध्याकाळी शीलाच्या शेजारणीने मोबाइल आणून दाखवला. फोटोत मी छान आले होते. खाली लिहिलं होतं: 'पाणीपुरवठ्याच्या प्रश्नाबाबत महिला भगिनींचे निवेदन स्वीकारताना. प्रश्न तातडीने मार्गी लावण्याच्या सूचना.'

शीला बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दादाचं काही का होईना, नळाला प्रेशर येणार." आणि आम्ही हसत सुटलो. इतक्या हसलो की शेजारीण घाबरून मोबाइल घेऊन गेली.

हिंजवडी, म्हणजे हिंजवडीच्या वाटेवर

दुसरे आमदार हिंजवडीत एका जॉगिंग ट्रॅकचं उद्घाटन करणार होते. आम्ही सांगवीवरून टॅक्सी केली. हिंजवडी मी फारशी पाहिली नाही, त्यामुळे तिचं वर्णन करणार नाही. हिंजवडीचा रस्ता मात्र मी इतका वेळ पाहिला की त्याचं चित्र काढून देईन. कोकणात गाडी थांबली तर दरड कोसळलेली असते, नाहीतर म्हैस बसलेली असते. इथे थांबायला कारण लागत नाही. कंपन्यांच्या गाड्यांत पोरं-पोरी मांडीवर लॅपटॉप घेऊन कामं उरकत होती. एक भेळवाला गाड्यांमधून असा सावकाश फिरत होता, जसा काही हा रस्ता त्याच्यासाठीच थांबवला आहे. आम्ही भेळ घेतली. फार सुरेख होती. अशी भेळ मिळत असेल तर माणसाने पोहोचायची घाई का करावी?

टॅक्सीवाला गोविंद लातूरकडचा. आम्ही कशासाठी निघालो ते त्याने विचारून घेतलं आणि आरशातून शीलाकडे बघत म्हणाला, "राग मानू नका ताई, पण खुन्याला फाशीच पायजे. आमच्याकडं सगळे असंच म्हणतेत."

"राग नाही भाऊ. आमच्या घरीपण असंच म्हणायचे."

गाडी जरा सरकली, पुन्हा थांबली. गोविंदने विचारलं, "त्याला माहीत हाय का, काय केलं ते?"

"कधी असतं," शीला म्हणाली. "तेव्हा रडतो, जेवत नाही, भिंतीवर डोकं आपटतो. आणि कधी विचारतो, काकूंनी आज ताट का नाही पाठवलं?"

गोविंदने रेडिओ बंद केला. समोरचा टेम्पो हलला तरी त्याला कळलं नाही, मागचे हॉर्न वाजवायला लागले. पुढे बऱ्याच वेळाने तो आपल्याशीच म्हणाला, "मग त्याला फाशी दिल्याली कळणार कशी?"

आम्ही पोहोचलो तेव्हा फीत कापून झाली होती आणि आमदार दुसऱ्या रस्त्याने गेले होते. जॉगिंग ट्रॅकवर फक्त एक कुत्रं पळत होतं.

चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठी

आता उरले आबा. ग्रामीण भागाचे आमदार, जुन्या शेतकरी घराण्यातले, पांढरा सदरा, आवाज ढोलासारखा. शीलाचा सुपरवायझर त्यांच्याच गावचा. त्याने सल्ला दिला, "मॅडम, आबांना ऑफिसात गाठू नका. त्यांच्यापर्यंत नंबर लागेस्तोवर तुम्ही रिटायर व्हाल. दहाव्याला गाठा. उद्या आमच्या भावकीतल्या आजीचा दहावा आहे, आबांची ती चुलती. एरवी ते सकाळी तीन ठिकाणी भाषणं करून पळतात, पण इथे घरचंच कार्य. कावळा शिवेपर्यंत हलता यायचं नाही. आणि एक ध्यानात ठेवा, आबा कुणाबरोबर निवेदनाचा फोटो काढत नाहीत. काढला, तर समजा काम अंगावर घेतलं."

चाकणच्या रस्त्याला नव्या कोऱ्या मोटारी दुमजली ट्रेलरवर बसून निघाल्या होत्या, नंबर नसलेल्या, काचांना कागद चिकटवलेला. त्यांच्या रांगेतून वाट काढून आम्ही नदीकाठी उतरलो, तर एकदम शेतं, कांद्याची रोपं, बाभळी आणि धुकं. घाटावर मोठा मांडव. आमच्याकडे दहाव्याला घरची माणसं आणि भटजी एवढेच असतात, सगळं कुजबुजत चालतं. इथे स्पीकर होता, प्रवचन होतं, खुर्च्यांच्या रांगा होत्या, आणि प्रवचन संपल्यावर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. मला हा रिवाज फार आवडला. मेल्यावर आपल्याबद्दल माइकवरून चांगलं बोलणार आहेत ही खात्री असेल, तर माणूस जरा निश्चिंतपणे जगेल.

शीला बायकांत जाऊन बसली. मी मात्र आबा नजरेतून सुटू नयेत म्हणून पहिल्या रांगेच्या टोकाला टेकले. अंगावर इरकली, हातात फाइल. एक गृहस्थ वाकून म्हणाले, "ताई, नाव? गाव?" मी सांगितलं. मला वाटलं, आलेल्यांची नोंद ठेवत असतील.

थोड्या वेळाने स्पीकरवरून घोषणा झाली: "यानंतर खास कोकणातून आलेल्या, कुडाळच्या माजी सभापती, आदरणीय रजनीताई आपल्या शब्दांत श्रद्धांजली अर्पण करतील."

त्या भागात हातात फाइल घेऊन पुढे बसलेला माणूस कशाचा ना कशाचा माजी असतोच. मी उभी राहिले. खरं सांगते, आधी मला आनंद झाला. हातात माइक, समोर सगळं गाव, पहिल्या रांगेत आमदार, आणि त्यांना उठून जायची सोय नाही! इतकी वर्षं ऐनवेळी वाक्यं रचायची सवय ती कशासाठी? मी श्वास घेतला. पहिलं वाक्य ओठांवर होतं: आबा, एका माणसाचा जीव तुमच्या हातात आहे.

तेवढ्यात बायकांच्या रांगेत शीला दिसली. तिने मान हलवली. अगदी थोडी. इथे नको.

जीव तिच्या भावाचा होता. पण मांडव दुसऱ्या कुणाच्या आजीचा होता, हे तिला कळलं आणि मला नाही.

मी ते वाक्य गिळलं. मग म्हणाले, "आजींना मी कधी पाहिलं नाही. पण पिंडाच्या सामानात मिशरीची डबी ठेवलेली दिसली, आणि चहाच्या कपावर बशी झाकलेली. म्हणजे आजींना गरम चहा लागायचा. हे ज्यांना आठवतं त्यांच्या घरातून आजी कुठे जात नाहीत. आपलं माणूस गेलं तर त्याला काय आवडायचं ते मोकळेपणाने ठेवता यावं, चार माणसांत त्याचं नाव घेता यावं, हे सगळ्यांना मिळत नाही. तुम्हाला मिळालं. मी आजींना नमस्कार करते." आणि खाली बसले. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

भाषणं संपली, पिंड मांडले, सगळे लांब सरकले. कावळा येईना. पलीकडे बाभळीवर बसलेला दिसत होता, पण जागचा हलेना. मग भावकीने आजीच्या राहिलेल्या इच्छा शोधायला सुरुवात केली. मुलगा हात जोडून म्हणाला, "आये, आमी दोघं भाऊ एकत्र ऱ्हाऊ!" दुसरा भाऊ नदीकडे बघू लागला. कावळा ढिम्म. एक मामा ओरडले, "पिंकीचं लगीन दिवाळीच्या आत करू!"

"ओ मामा, न्हाई हां! मला इचारलं का?" मागून पिंकी.

त्या खोळंब्यात आबांनी मला बोटाने बोलावलं. मी शीलाला खूण केली. दोघी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो.

"सभापती, बसा," आबा म्हणाले.

"आबा, मी सभापती नाही हो. मी बँकेत कारकून आहे."

"ठाव हाय. कुडाळच्या सभापतींना आमी वळखतो."

"मग मला बोलू का दिलंत?"

"बघत हुतो, काय मागताय. मयताच्या मांडवात माइक गावला की लोक डांबरी रस्ता मागत्यात, ट्रान्सफॉर्मर मागत्यात. तुमी काय मागितलं न्हाई. फाइल तर घिऊन आलाय. आता मागा."

बोलता येत नाही म्हणणारी शीला बोलली. मी गप्प बसले, हे माझ्या ओळखीच्या कुणाला खरं वाटणार नाही. तिने सगळं सरळ सांगितलं. आवाज, औषधं, वामनकाका, सुलभाकाकू, ताट, एन्ट्री. आबा कागदाकडे न बघता तिच्याकडे बघत होते.

"गेले त्यांचं कोन हाय मागं?"

"मुलगी. निगडीला असते."

"ती काय म्हनती?"

"माझं तोंड बघत नाही. तिचं बरोबर आहे. मी तिच्या आईबापांना आणू शकत नाही, आबा. दर पौर्णिमेला विहारात जाते तेव्हा मी आधी त्या दोघांची नावं घेते, मग दादाचं. त्याला सोडा म्हणत नाही. मरेपर्यंत आत ठेवा. पण ज्याला आपण का मरतोय ते कळत नाही, त्याला मारू नका."

"ह्यात मला एक मत मिळायचं न्हाई. हायेत ती जातील. उद्या लोक म्हनतील, आबा खुन्याचा वकील झाला."

"हो," शीला म्हणाली. "म्हणतील."

मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, पिंपरीत शिकल्याप्रमाणे मी कागदाचा कोपरा पुढे केला आणि मोबाइल काढला. आबांनी हात आडवा धरला. "फोटो नको." कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि नदीकडे बघत बसले. शीलाचं तोंड एवढंसं झालं.

मग आबा उठले. पिंडाजवळ गेले, वाकले, हात जोडून काहीतरी पुटपुटले. कावळा बाभळीवरून उतरला, भाताला चोच लावली. सगळ्या मांडवाने श्वास सोडला. "आबा, काय कबूल केलंत?" भावकी विचारत राहिली. आबा गाडीत बसले.

मी शीलाचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "आम्ही नाही मानत हे. भूक लागली असेल त्याला."

पण परतताना ती बाभळीकडे वळून बघत होती, ते मी पाहिलं.

तुरुंगाचं फाटक

शेवटच्या दिवशी शीलाची भेट होती. मला आत सोडणार नव्हते, मी घरची नव्हे. मी फाटकाबाहेर, भेटीला आलेल्यांच्या बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी पिशवीतल्या केळ्यांवरून हात फिरवत होती. आत जाताना शीलाने विचारलं होतं, "काही सांगू का त्याला?" आणि जगात कुणालाही काहीही सांगू शकणारी मी म्हणाले, "नको. बघ, ओळख असेल तर."

भिंत उंच होती, आणि तिच्या पलीकडे कुठेतरी तो होता. इतक्या वर्षांत मी त्याच्या इतक्या जवळ आले नव्हते. मला आठवलं, तो विंगेत असायचा तेव्हाही मला दिसायचा नाही. फक्त आहे, हे कळायचं.

शीला बाहेर आली ती डोळे पुसत.

"आज बरा नव्हता. मला ओळखलं नाही, आत्या म्हणाला. मग मी सांगितलं, रजनी आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे. तर केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला," ती माझ्याशेजारी टेकली. "म्हणाला, तिला विचार, फार वेळ बसलात का?"

म्हातारीने माझ्या हातात एक केळं दिलं. का दिलं ते विचारलं नाही, आणि मी ते सोलून खाल्लंही. त्या घटकेला दुसरं काय करायचं असतं?

कुडाळ

वहिनींना मी हे सगळं सांगितलं, कावळ्याची नक्कलही करून दाखवली. त्या हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या की लग्न नव्हतं तरी पुष्कळ बघून आलात.

परवा शीलाने मोबाइलवर फोटो पाठवला. अंगण आहे, मागे ट्रॅक्टर. आबा सदरा न घालता नुसत्या बंडीत आहेत, नुकतेच उठलेले. कागदाला घड्या पडलेल्या आहेत. एक कोपरा त्यांनी धरला आहे, दुसरा शीलाने. दोघांपैकी कुणी हसत नाही. शीलाने इतका घट्ट धरला आहे की कोपरा चुरगळला आहे.

मी लगेच फोन केला. "काय गं, काय म्हणाले?"

"निगडीला जाऊन आले म्हणे. काकूंच्या मुलीकडे. तिने फाशी द्या असंही म्हटलं नाही आणि देऊ नका असंही नाही. रडली, आणि चहा दिला. आबा म्हणाले, तेवढं बघायचं होतं. ठराव मांडतो म्हणाले."

"आणि अर्ज?"

"काही कळलं नाही अजून. कधीही कळेल."

तेव्हा आत्ता एवढंच आहे. एक फोटो आहे, अधिवेशन व्हायचं आहे, आणि एक फाइल कुठल्यातरी टेबलावर आहे. शीला रोज कामावर जाते. मी रोज बँकेत जाते, आणि संध्याकाळी पुन्हा स्टेशनाच्या रस्त्याने परत येऊ लागले आहे. नवऱ्याने ते पाहिलं. काल तोही बरोबर आला. फलाटावर आम्ही शेंगा खाल्ल्या, एक गाडी येऊन गेली.

तरुणपणी विंगेकडे बघून मी मनातल्या मनात किती वेळा ओरडले असेन, अरे ये ना, ये लवकर, माझी वाक्यं संपत आली! अनिल, आता तू वेळेवर यायचं ठरवलं आहेस म्हणे. नको. तुला हाक मारायला कुणी आलं तरी जाऊ नकोस. विंगेत उभा राहा, प्रेक्षक बघ, कुणाचं बाळ किरकिरतंय ते बघ. जितका करता येईल तितका उशीर कर. मी फार वेळ बसले आहे, आणि अजून बसेन. गाडीला उशीर का झाला, स्टेशनमास्तरची बायको कशी आहे, ट्रंकेत काय काय आहे, सगळं सांगत राहीन. माझी वाक्यं संपलेली नाहीत.